घोटभर दूध

फेस, ३० ऑक्टोबर १९७७

लल्ला रकिया यांना तामूचा सलाम.

पोचलो. हे आधी लिहिते, नाहीतर तुम्ही चष्मा काढून म्हणाल, "पोचले की नाही तेवढं सोडून बाकी सगळं पाल्हाळ लावलंय सूनबाईंनी." तर पोचलो. डोंगराचा घाट लागल्यावर तुमच्या लेकाला उलट्या झाल्या आणि माझा नवा रुमाल कामी आला. तुम्ही बांधून दिलेली खिमा भरलेली मदफूना रोटी शेजारच्या म्हाताऱ्याने वास घेऊन घेऊन अर्धी मागून खाल्ली, वर विचारलं, "कुणाच्या हातची?" म्हटलं, माझ्या सासूच्या. खोटं कशाला बोलू.

हनियामावशीकडे उतरलो आहोत. माझ्या आईची धाकटी बहीण, आमच्या लग्नात आली होती, जिच्या बांगड्यांना तुम्ही पितळ म्हणाला होतात तीच. तिने ते ऐकलं होतं, लल्ला. काल मला बांगड्या हातात देऊन म्हणाली, "घे, चावून बघ आणि सासूला कळव." चावून पाहिल्या. सोनं आहे.

इथे गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं, आणि मागून लादलेलं खेचर आलं तर दोघांनी. आपल्याकडे बाई दिसली की खेचर थांबतं, म्हणून मी ऐटीत चालत राहिले. अंगातल्या जिलाब्याला खेचरावरच्या तेलाचा हा एवढा डाग पडला, आणि खेचरवालाच मला झापतो, "अगं ए, शहरात आलीस की शेतात?" द्रीस हसून हसून बेजार. दोन वर्षांच्या संसारात मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. घरी तो हसतो, पण आधी तुमच्याकडे बघतो.

कातडी कमावणाऱ्या चांभारवाड्याच्या बाजूने जाताना पुदिना नाकाला लावावा लागतो. द्रीसला त्या वासाचंही भान नसतं. एखाद्या जुन्या मदरशाच्या भिंतीवर गिलाव्यात कोरलेली नक्षी दिसली की मान वर करून उभाच. एका बाईने त्याला आंधळा समजून हातात पाव ठेवला. म्हणतो, "तामू, रिसानीत मी मातीच्या भिंती लिंपतो. हे लोक भिंतीवर लेस विणतात."

पुढच्या आठवड्याच्या बसने निघू. मोठ्या ईदेचा मेंढा घेतला असेल तर त्याला फार लाड करून खाऊ घालू नका, मग कापताना तुम्हीच रडता.

तुमची सून,
तामू


रिसानी, ४ नोव्हेंबर १९७७

तामू,

बसचा ड्रायव्हर हम्माद पत्र देऊन गेला. अक्षर बिघडलंय. तू शेजारच्या घरातली आईवेगळी पोर, नाक गळत माझ्या दारात येऊन बसायचीस तेव्हा तुझा हात धरून लाकडी पाटीवर अक्षरं मी गिरवून घेतली होती. माझे वडील या भागातले मोठे फकीह, धर्माच्या प्रश्नाला दुरून लोक त्यांच्याकडे यायचे. त्यांचं अक्षर मी उचललं आणि तुला दिलं. त्यातून तू मला मावशीच्या बांगड्यांच्या गोष्टी लिहितेस. सोन्याच्या असतील तर देव तिचं भलं करो. सोनं घालून तोंड कसं ठेवावं ते मात्र दुकानात मिळत नाही.

मी बरी आहे असं लिहायचं असतं, म्हणून लिहिते. गुडघे धरलेत. तू नाहीस म्हणून खजूर मी एकटीने निवडले, शेळीने तिसऱ्या दिवशी दूध चोरायला सुरुवात केली, आणि तुझी ती लाडकी कोंबडी मी कापली. अंडी देत नव्हती. चव चांगली होती.

द्रीस माझ्याकडे बघून हसतो म्हणे. बघणारच. त्याच्याआधीची आणि नंतरची सगळी मी याच हातांनी मातीत ठेवली. तो एक राहिला. फेस शहर माणूस गिळतं, हे मी माझ्या दिरावरून पाहिलंय. चार दिवसांसाठी गेला होता. त्याची आई उंबऱ्यावर बसून बसून मेली, आणि तिच्या मयताला तो आला तेव्हा पायात चकचकीत बूट होते. मला तसलं मरण नको. तुला सांगून ठेवते, ऐकून ठेव.

आणखी एक. दोन वर्षं झाली, मला लल्ला म्हणतेस. जमीनदाराच्या बायकोलाही लल्ला म्हणतात. द्रीस यम्मा म्हणतो तसं म्हणायला तुझी जीभ जड होते. असो, जबरदस्तीने काही यम्मा होता येत नाही.

मेंढा घेतलाय. शिंगं मोठी आहेत. सुरी फिरवायला घरचा पुरुष लागतो. या.

रकिया


फेस, ८ नोव्हेंबर १९७७

लल्ला रकिया यांना सलाम.

कोंबडीचं वाचून वाईट वाटलं. ती हिवाळ्यात अंडी देत नाही, हे तुम्हाला माहीत होतं.

रागावू नका, आम्हाला आणखी थोडे दिवस लागतील. कारण काही नाही. म्हणजे द्रीस मला म्हणाला की यम्माला इतक्यात काही लिहू नकोस, मी स्वतः लिहीन. पण मला तुमच्यापासून लपवता येत नाही, तुम्ही माझ्या अक्षरावरूनच ओळखता. इथे अल्लाल नावाचा एक उस्ताद आहे, गिलाव्यावर नक्षी कोरतो. द्रीस रोज सकाळी त्याच्या कारखान्याबाहेर उभा राहायचा. चौथ्या की पाचव्या दिवशी उस्ताद बाहेर आला आणि म्हणाला, "खांबासारखा उभा का? खांब माझ्याकडे आहेत. आत ये, छिन्नी धर." आता रोज जातो. पांढरा होऊन येतो, पापण्यासुद्धा पांढऱ्या. मावशी म्हणते, हा म्हातारा कोण आणलास घरी.

उस्ताद त्याच्या हाताची तारीफ करतो, लल्ला. तुमच्या लेकाच्या हाताची. तुम्हाला आनंद झाला पाहिजे.

मावशीच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे. खिडकी आहे. नुसती बघितली, बाकी काही नाही. तुमच्यासाठी खाली एक खोली होऊ शकेल, पायऱ्या चढायला नकोत, असं मीच म्हटलं. द्रीस म्हणाला, यम्मा रिसानी सोडणार नाही. मी म्हटलं, विचारून तर बघ.

ईदेला येऊच. मेंढ्याला पाणी पाजत जा.

तामू


रिसानी, १२ नोव्हेंबर १९७७

द्रीस, माझ्या काळजाच्या तुकड्या,

हे एकट्याने वाच. तामू जवळ असेल तर तिला काही आणायला पाठव.

माझं दुखणं नुसतं गुडघ्यांचं राहिलं नाही. आत काहीतरी बसलंय. मरायच्या आधी माणसाने पाठीवरचं ओझं खाली ठेवावं, असं माझे वडील सांगायचे, आणि ते उगाच बोलणाऱ्यांतले नव्हते.

तामू जन्मली त्या वर्षी तिची आई इत्तो तापाने फणफणली होती. तुझ्या पाठची हफ्सा माझ्या अंगावर पीत होती. एका दुपारी गल्लीतल्या बायका इत्तोचं पोर घेऊन माझ्याकडे आल्या. रडून रडून त्याचा आवाज बसला होता, ओठ सुकले होते. मी त्याला जवळ घेतलं. माझ्या दुधाने ते गप्प झालं. ते पोर म्हणजे तामू.

नियम तुला माहीत आहे, या घरात तो तू मांडीवर बसून ऐकलास. एका बाईचं दूध प्यालेली मुलं ही भावंडं. त्यांचा निकाह होत नाही, आणि केला तर तो निकाहच नाही. आपल्या मजहबात घोट मोजत नाहीत. एक पुरतो.

विचारशील, मग लग्नात तोंड का शिवलं होतंस? मी मनाला सांगितलं, घोटभर दुधाने काय होतं. तू तिच्यासाठी जेवण टाकलं होतंस, मला तुझं तोंड बघवत नव्हतं. आता झोप लागत नाही. ज्या बायका पोर घेऊन आल्या होत्या त्या गेल्या, इत्तो गेली, हफ्सा गेली. एकटी मी उरले. काल मुलाय अलीच्या दर्ग्यात, उंबऱ्यावर हात ठेवून, शेजारणींसमोर मी याची शपथ घेतली.

त्या बिचारीचा यात दोष नाही. तिला तिच्या मावशीपाशी राहू दे, चांगली खोली आहे म्हणे, खिडकी असलेली. तू घरी ये. इथे तुझ्यासारख्याला मुलगी मिळायला वेळ लागणार नाही. मेंढा दाराशी बांधलाय, तू आलास की सुरीला धार लावू.

तुझी यम्मा


फेस, १७ नोव्हेंबर १९७७

यम्मा,

पत्र वाचलं. तामूला वाचून दाखवलं. मग इथल्या मोठ्या मशिदीतल्या एका फकीहांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुझ्या मनाला पटतं का?" मी म्हटलं, आई अशा गोष्टीत खोटं कशाला बोलेल? ते म्हणाले, "मग आजपासून वेगळे राहा, आणि काझीकडे जा."

वेगळे राहतो आहोत. मी कारखान्यात झोपतो.

तू लिहितेस, घरी ये. कुठल्या घरी? लग्नात तिच्या हातावर मेंदी तू लावलीस. आम्हा दोघांना एका वाटीतलं दूध तू पाजलंस, खजूर भरवलास, आणि गालातल्या गालात हसत होतीस. मी तेव्हा समजलो होतो की आई खूश आहे. आता ते हसू आठवलं की हातातली छिन्नी खाली ठेवावी लागते. तुला ठाऊक होतं, आणि तू दिवा मालवून दार ओढून घेतलंस.

ईदेला मी येणार नाही. मेंढा शेजाऱ्याकडून कापून घे. त्यानंतरही येणार नाही. पत्रं पाठवू नकोस, न फोडता परत येतील.

मी तुझ्या नावाने दर महिन्याला हम्मादच्या हाती खर्चाला काही पाठवत जाईन, कारण ते मला करावंच लागेल. त्यापलीकडे मला आई नाही.

द्रीस


रिसानी, २५ नोव्हेंबर १९७७

तामू, माझ्या पोरी,

द्रीसला पाठवलेली पत्रं परत आली, म्हणून तुला लिहिते.

ईद झाली. मेंढा लंगड्या मोहाने कापला, धड कापता आला नाही, फार वेळ तडफडला. मी आत बसून ऐकत होते. काळीज भाजलं आणि ताटात तसंच ठेवून दिलं.

झालं ते अल्लाहची मर्जी. तू रडू नकोस, रडून तुझे डोळे बारीक होतात आणि मुळात ते काही मोठे नाहीत. तुला अजून कुणीतरी मिळेल. एखादा विधुर, पोरांचा बाप, तुझ्यासारखीला नाही म्हणणार नाही. मूल झालं नाही हे एका अर्थी बरंच झालं, नाही का?

तू आता माझी दुधाची मुलगी. आईचं एवढं ऐक. द्रीस माझ्यावर रागावलाय, पण तुझा शब्द तो ऐकेल. त्याला समजाव, आईशिवाय माणसाचं भलं होत नाही. त्याला बसमध्ये बसवून दे. मग तुझ्या मनाला येईल ते कर.

रकिया


फेस, ६ डिसेंबर १९७७

लल्ला रकिया यांना,

त्याला बसमध्ये बसवायला सांगता. माझ्या नवऱ्याला माझ्याच हातांनी तुमच्याकडे रवाना करू, आणि मी इथे विधुराची वाट बघू. तुमचं पत्र मी मावशीला वाचून दाखवलं. ती सोनं घालते तरी तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते इथे लिहिता येत नाही.

काझीच्या माणसांसमोर निकाह रद्द झाला. द्रीसने मान खाली घालून सही केली. बाहेर आल्यावर म्हणाला, "बहिणी, थंडी आहे, डोक्यावर घे." हे एवढंच बोलला. मला त्याने पहिल्यांदा बहीण म्हटलं ते तिथे, पाव विकणाऱ्या बायकांच्या रांगेसमोर.

मी हमामात न्हायला गेले. तिथली अंग चोळणारी बाई विचारते, "नवरी का ग?" मी म्हटलं, चोळ. कातडी लाल झाली, रक्ताचे ठिपके आले, तेव्हा तीच थांबली. म्हणाली, "मळ कधीच निघालाय, आता तू निघशील." तेव्हा मी तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले. दोन वर्षं माझ्या भावाजवळ झोपले, हे अंगावरून कशाने निघतं ते तुमच्या वडिलांनी कुठे सांगून ठेवलंय का?

आता एकच विचारते. मावशी म्हणते की मला शेळीच्या दुधावर वाढवलं, चिंधीची वात करून पाजलं, असं तिने ऐकलं होतं. पण ती तेव्हा इथे फेसमध्ये होती, आणि ऐकीव गोष्टीला कोण विचारतं. तुम्ही तिथे होतात. लल्ला, मी खरंच तुमचं दूध प्याले होते का? मला शपथ नको, दर्गा नको. नुसतं हो किंवा नाही लिहा. तुम्ही शिकवलेल्या अक्षरात लिहा, मी ओळखेन.

तामू


रिसानी, १९ फेब्रुवारी १९७८

तामू,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. आता देते. नाही.

हम्माद काल सांगून गेला की उस्ताद अल्लाल त्याची मुलगी नफीसा द्रीसला द्यायचं म्हणतो. शहरातली मुलगी, शहरात घर, सासऱ्याचा कारखाना. म्हणजे तो गेलाच. मी तुला दूर करायला गेले आणि तो गेला.

म्हणून लिहिते, नीट वाच, आणि हे पत्र तसंच त्याच्या हातात दे. तू माझं दूध कधी प्यालेली नाहीस. त्या दुपारी बायका तुला घेऊन आल्या होत्या, ते खरं. तू रडत होतीस, ते खरं. माझ्याकडे दूध होतं, हफ्सा पिऊन झोपली तरी कपडे भिजत होते, इतकं होतं. मी तुला हातात घेतलं, तुझं तोंड पाहिलं, आणि परत दिलं. म्हटलं, शेळीचं पाजा, माझं नाही. बायकांनी तोंडं वाकडी केली. इत्तोने मरेपर्यंत मला माफ केलं नाही. पण मी फकीहची मुलगी होते, मी पुढचं बघत होते. घरात द्रीस दुडदुडत होता. मला वाटलं, ही पोर वाचली तर माझी सून होईल. एक घोट दिला तर ते दार कायमचं बंद. म्हणून दिला नाही. सून म्हणून तुला मी तेव्हा निवडली, तू धड डोळेही उघडत नव्हतीस.

दर्ग्यात खोटी शपथ घेतली, तिचा हिशेब माझा आणि अल्लाहचा. तू मध्ये पडू नकोस. तुझी इद्दतीची मुदत संपली असेल, नफीसाचं अजून काही पक्कं नाही. द्रीसला पत्र दाखव, काझीला दाखव, मावशीला दाखव, मला शिव्या घाला. निकाह पुन्हा लावा. खोली घ्या ती खिडकीची. मी काही म्हणणार नाही. वर्षातून एकदा, ईदेला, त्याला पाठवत जा. तेवढं पुरे.

तो माझं पत्र फोडत नाही. तुझ्याशिवाय माझ्याकडे दुसरा हात नाही.

रकिया


रिसानी, ३० मार्च १९७८

तामू,

उत्तर नाही. हम्माद शपथेवर सांगतो की पत्र तुझ्याच हातात दिलं, तू मावशीच्या दारात मटार सोलत होतीस.

दाखवलंस का? काय म्हणाला? मारायला धावला असेल तरी लिही. मी स्वतः येणार होते, बसच्या पायरीवर गुडघ्याने दगा दिला, लोकांनी उचलून घरी आणलं. आता भिंत धरून चालते.

पोरी, मी तुला अक्षरं शिकवली. त्याची आठवण ठेव.

रकिया


फेस, १५ मे १९७८

यम्मा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर मुद्दाम आज लिहिते, कारण काल द्रीसचं लग्न झालं.

तुझं ते पत्र आलं तेव्हा मटाराचं टोपलं सांडलं. वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तू मला तान्हेपणी निवडलं होतंस तिथे आल्यावर रडू आलं. खोटं नाही लिहीत. आईविना वाढलेल्या पोरीला कुणी निवडलं होतं म्हणजे काय, ते तुला कळणार नाही. मी जिलाबा चढवला, पत्र छातीशी धरलं आणि कारखान्याकडे निघाले. खरंच निघाले होते, यम्मा. हसत होते. वाटेत लोक बघत होते.

पुलाजवळ मागून खेचरवाला ओरडला. मी भिंतीला चिकटून उभी राहिले, आता मला सवय झालीय. आणि उभ्या उभ्या मला ती संध्याकाळ आठवली. द्रीसने तुझं पत्र मला वाचून दाखवलं होतं. वाचून झाल्यावर त्याने वर पाहिलं, आणि त्या नजरेत मी त्याची बायको नव्हते. "असं कसं होईल," असं तो एकदाही म्हणाला नाही. "तुला काय वाटतं," असं विचारलं नाही. पेल्यातला चहा संपवला, आणि मग स्वतःची गादी उचलली. फकीहांकडे तो नंतर गेला. त्याचं त्याआधीच ठरलं होतं.

हे कबुलीचं दुसरं पत्र दाखवलं असतं तर त्याने त्यावरही तितक्याच लवकर विश्वास ठेवला असता. गादी परत आत आणली असती. मी पुन्हा बायको झाले असते, तुझं तिसरं पत्र येईपर्यंत.

मी वळले. घरी येऊन चहाचं पाणी ठेवलं. शेगडी पेटत नव्हती, कोळसे दमट होते. तुझं पत्र घातलं. चांगला जाड कागद होता, लगेच धरला. द्रीस शुक्रवारी कुसकुस खायला येतो, त्या दिवशीही आला. विचारलं, "कुणाचं पत्र आलं म्हणे?" मी म्हटलं, रिसानीच्या एका शेजारणीचं, कोंबडीबद्दल.

तुला लग्नाची हकिकत हवी असेल. मुलीच्या घरी मागणी घालायला वराची आई जाते. आई नाही, तर बहीण जाते. मी गेले. नफीसा देखणी आहे, डोळे मोठे आहेत. तिच्या आईने मला विचारलं, "तुम्ही सख्ख्या का?" मी म्हटलं, दुधाच्या. ती म्हणाली, "म्हणजे सख्ख्याच." मेंदीचं तबक, साखरेच्या ढेपा, मेणबत्त्या, सगळं मी डोक्यावर घेऊन गल्लीतून गेले. मावशी दाराआड उभी राहून रडत होती, तिला खरं माहीत आहे. मी तिला शपथ घातलीय. शपथेचं मोल तुझ्याकडून शिकले, पण मावशी जुन्या वळणाची आहे, ती पाळते.

काल दोघांना खजूर मी भरवला. दुधाची वाटी मी धरली. आधी तिने घोट घेतला, मग त्याने त्याच वाटीतून. त्याच्या ओठाला साय लागली होती, ती मी माझ्या रुमालाने पुसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी जिभा हलवून आनंदाचे आवाज काढले. मी गालातल्या गालात हसले. तू हसली होतीस तसंच जमलं की नाही, ते मला सांगता येणार नाही.

नंतर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तामू, यम्माला कळवलं होतंस का?" विचारताना तो गल्लीकडे बघत होता. जरा कुणी ढकललं असतं तर तो त्याच रात्री रिसानीच्या बसमध्ये बसला असता. मी म्हटलं, "कळवलं होतं. उत्तर आलं नाही." त्याने मान हलवली आणि आत गेला.

पुन्हा पत्र लिहिलंस तर लिही. माझ्याशिवाय तुझ्याकडे दुसरा हात नाही, आणि या घरातली शेगडी रोज पेटते. इथे कुणी विचारलंच, तर मी सांगेन की यम्माने दर्ग्यात शपथ घेतली आहे आणि ती फकीहची मुलगी आहे, ती खोटं बोलणार नाही.

खजुराच्या हंगामात मी येईन. घाबरू नकोस, खजूर निवडायला नाही. तसली कामं सुना करतात. मी हात धुऊन ताटावर बसेन, तुझ्या हातची मदफूना खाईन, चार दिवस राहीन आणि निघून जाईन. माहेरी मुली तशाच येतात.

गुडघ्यांना ऑलिव्हचं तेल कोमट करून लाव. द्रीसची काळजी करू नकोस. त्याला आई नाही, पण बहीण आहे, आणि ती तूच दिली आहेस.

तुझी मुलगी,
तामू